हत्तीचा डावा कान

निसारभाई अत्तारांचा टेम्पो पाठमोरा येऊन शेडच्या दाराला लागला आणि त्यातून दोन माणसांनी मिळून एक हात खाली उतरवला. नुसता हात. खांद्यापासून बोटांपर्यंत शाबूत, पोलादी पाटावर उभा केलेला, अंगात मळकट करडी बाही घातलेला. मनगटाला गेल्या खंडेनवमीचं वाळलेलं कुंकू अजून चिकटलेलं होतं.

"वहिनी, शिरोलीच्या एका फौंड्रीतनं आलाय," निसारभाई म्हणाले. भंगाराच्या धंद्यात त्यांचे केस पिकले होते, पण नव्या मालाचं कौतुक काही सुटलं नव्हतं. "पहिल्या लॉटातला. आता तिथं बिनबाहीचे नवे हात बसवलेत. ह्यो रिटायर. आणि मालकांनी हार घालून पाठवला बघा! माणसांना तर गेटावरनं नुसतं 'या' म्हटलं हुतं."

शालन हसली नाही. ती हसेल अशी निसारभाईंचीही अपेक्षा नव्हती.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात शालन मगदूमची शेड म्हणजे म्हाताऱ्या यंत्रांचा वृद्धाश्रम, असं लोक म्हणायचे. म्हणोत बापडे. पण या वृद्धाश्रमातून जे बाहेर पडायचं ते बघायला तेच लोक पोराबाळांना घेऊन यायचे. एका निवृत्त पंचिंग प्रेसची तिने कोंबडी केली होती. ती प्रत्येक ठोक्याला मान झटकून एक लाकडी अंडं घालायची. साखर कारखान्यातल्या पट्ट्याची गोगलगाय केली होती, तिच्या पाठीवर एका वेळी सहा पोरं बसायची आणि ती इतकी हळू चालायची की पोरं खाली उतरून तिला ढकलायची. आता महापालिकेच्या नव्या बालउद्यानासाठी हत्तीचं पिल्लू करायचं होतं. जुन्या बॉयलरचं पोट, पंख्याच्या पात्यांचे कान, आणि सोंडेच्या जागी कारखान्यातला हात. पोराने समोर यायचं, सोंडेने डोक्यावर टेकून आशीर्वाद द्यायचा.

असल्या गमती करणारी ही बाई स्वतः मात्र कशालाच हसत नसे. रडतही नसे. दाढ काढताना डॉक्टर इंजेक्शन देतो आणि अर्धा जबडा आपला नसल्यासारखा होतो ना, तसं तिचं सगळंच झालं होतं, आणि त्यालाही दहा-बारा वर्षं होऊन गेली होती. डाव्या कानाने ऐकू येत नसे, तिथे फक्त एक बारीक शिट्टी वाजत असे. ओळखीची माणसं आपण होऊन तिच्या उजव्या बाजूला उभी राहत. विचारलं कुणी, तर ती म्हणायची, ग्राइंडरच्या आवाजाने गेला.

तिने हाताला वायर जोडली आणि हलकीच वीज सोडली.

आता या बाहीचं शास्त्र थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं भुताटकी वाटेल. पूर्वीच्या यंत्रमानवांना काय करायचं ते आकड्यांत लिहून द्यावं लागे. बाहीत असं काहीच लिहिलेलं नसे. केसाहून बारीक, पीळ दिलेल्या हजारो कृत्रिम धाग्यांची ती विणलेली असे. माणसाने अंगात घातली की त्याच्या हाताच्या प्रत्येक हालचालीबरोबर ते धागे ताणले जात, सैल पडत, आणि हळूहळू त्यांना तसंच वळण लागे. कोल्हापुरी चप्पल नवी असताना चावते आणि महिन्याभरात पायाचा आकार घेते, तसंच. एकदा वळण मुरलं की बाही काढून पोलादी सांगाड्यावर चढवायची आणि वीज सोडायची. विजेने धागे आखडतात, आणि आखडतात ते मुरलेल्या वळणानेच. झालं, कारागिराचा हात तयार. कधी काय करायचं ते कारखान्यातला कॅमेरा त्याला खुणावत असे. नुसती वीज दिली, तर बाही आपल्या मनाने, एकामागून एक, मुरलेलं सगळं करून दाखवायची.

यात मेख अशी होती, की बाही निवड करत नसे. जे वारंवार केलं ते मुरायचं, आणि जे एकदाच पण जीव खाऊन केलं तेही मुरायचं. मुरायला महिना लागे, आणि तेवढा महिना बाही रात्रंदिवस अंगात ठेवावी लागे, आंघोळीलासुद्धा काढायची नाही. कंपनीच्या इंजिनियरांनी फौंड्रीतल्या पाळीचा विचार केला. पाळी सुटल्यावर हा हात घरी जाऊन काय काय करेल, हे मात्र एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्या वळणाची नक्कल होत नसे आणि त्यातलं एखादंच काढूनही टाकता येत नसे. विसरायला लावायचं तर बाही भट्टीत घालून तापवायची. मग मात्र सगळंच जायचं.

तर हात हलला. मनगट सावकाश कलंडलं, अर्ध्यात थांबलं, पुन्हा कलंडलं. लोखंडाचा रस साच्यात ओतायची ती चाल होती. मग पंजाने वाळू थोपटल्यासारखं केलं. मग अंगठा जागच्या जागी घासू लागला, खाली नसलेल्या डाव्या तळव्यावर.

"आयला! तंबाखू मळतोय बघा!" निसारभाईंनी टाळी वाजवली.

तंबाखू सगळेच मळतात. पण मळून झाल्यावर अंगठा एकदा उलटा फिरवायची लकब शालनने एकाच माणसाची पाहिली होती. हाताने चिमूट उचलली आणि शेजाऱ्यापुढे धरली, घे म्हणून. नंतर भाकरीचा घास मोडून तोंडाकडे नेला.

मग हात मागे गेला. पार खांद्यापासून मागे गेला आणि पंजा सपकन उजवीकडून डावीकडे फिरला. पाटाचे नट करकरले. निसारभाई दोन पावलं मागे उडाले.

"ह्येच्यामुळंच लवकर काढला त्याला. फौंड्रीत ह्येला 'माशीमार' म्हणायचे. पुढ्यात कुणी जाऊ नये म्हणून पिवळी रेघ मारलेली. माश्या मारायची सवय असणार बिचाऱ्याला."

"असेल," शालन म्हणाली.

तिचा नवरा भूपाल शिरोलीच्या त्या फौंड्रीत रस ओतायच्या कामावर होता. त्याच्यासारखा ओतणारा त्या पाळीत दुसरा नव्हता, म्हणून बाहीसाठी पहिला त्यालाच निवडला. श्रावण होता. लोकांनी बाहीला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, पेढे वाटले. शालन तेवढी म्हणाली होती, "अहो, हात देऊ नका. हात मिळाला की माणूस कशाला ठेवतील?" तेव्हा भूपाल जेवून उठला होता. त्याने बाही घातलेल्या हाताने एकदाच मारलं. घरात दुसरं कुणी नव्हतं, लेक पद्मजा मिरजेला होस्टेलवर. मारून तो कामावर निघून गेला आणि संध्याकाळी येऊन, काही झालंच नाही अशा आवाजात, चहा कर म्हणाला.

वर्षाच्या आत त्याला फौंड्रीने घरी पाठवलं. शालन मोटर वाइंडिंग शिकली, पुढे शेड टाकली. आणि भूपाल लग्नाकार्यात, पै-पाहुण्यांत सांगायला लागला, "नोकरी गेली, दिवस वाईट आले, पण बायकोवर कधी हात उचलला न्हाई आपण." लोक माना डोलवायचे. ते ऐकून आधी शालनचं रक्त उसळायचं. मग नवल वाटायला लागलं, इतका खरेपणा आवाजात असायचा त्याच्या. शेवटी तिचा स्वतःवरचाच विश्वास उडाला. आपल्यालाच स्वप्न पडलं होतं की काय? कान खरंच ग्राइंडरने गेला असेल. तिथून पुढे हळूहळू काही वाटेनासंच झालं. दोन वर्षांपूर्वी भूपालला पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला, तेव्हाही तिने रिक्षा बोलावली, दवाखान्यात नेलं, सगळं केलं. वाटलं काहीच नाही.

आताही तसंच. 'म्हणजे झालं होतं,' एवढंच मनात आलं, घरातून निघताना गॅस बंद केला होता याची खात्री पटावी तसं.

"वहिनी, पोरांच्या डोक्यावर टेकायचाय ह्यो, आणि ह्येची तर ही तऱ्हा," निसारभाईंनी शंका काढली.

"भाजून घेणार आहे. सगळं विसरंल," ती म्हणाली आणि हातावर चादर टाकली.

पण चादर दोन दिवसही टिकली नाही. भूपाल सांगलीला पद्मजाकडे तपासणीसाठी गेला होता, त्याला घेऊन ती आली. पद्मजा फिजिओथेरपिस्ट, हुशार पोरगी, बापाची लाडकी. तिने वडिलांना शेडमधल्या त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसवलं आणि कसली वस्तू म्हणून चादर उचलली. बाहीच्या खांद्यापाशी कंपनीने शिवलेली पट्टी होती, भू. रा. मगदूम.

"माझा हात," भूपाल म्हणाला. झटक्यानंतर त्याचे शब्द जड आणि मोजके झाले होते. डावा हात पुढे करून त्याने बाहीला हात लावला आणि त्याचे डोळे भरून आले. "शालन, माझा हात आलाय."

पद्मजा तर नाचायचीच बाकी राहिली. "आई, तुला कळतंय का काय आहे हे? पप्पांचा हात मेला नाहीये गं, मेंदूतली वाट बुजलीय. बाहेरून कुणी तो हात त्याच्याच जुन्या चालीने हलवत राहिलं, तर मेंदू ती चाल ओळखतो आणि नवी वाट पाडतो. दुसऱ्या माणसाची बाही घालून आम्ही बघितलं, मेंदू दाद देत नाही, परकी चाल लगेच कळते त्याला. आणि स्वतःची बाही कुणाला परत मिळत नाही, कारखाने वापरून वापरून भाजून टाकतात. ही तशीच आहे! सहा महिन्यांत हे स्वतःच्या हाताने जेवतील."

"हत्तीला लागणार आहे ती," शालन म्हणाली.

"हत्तीला?" पद्मजाला आधी वाटलं आई चेष्टा करतेय. मग तिला आठवलं, आई चेष्टा करत नाही. "आई, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? इथं माणूस डाव्या हातानं जेववत नाही म्हणून दोन वर्षं दुसऱ्याच्या हातानं जेवतोय आणि तुला पत्र्याच्या हत्तीचं पडलंय?"

भूपालने बाहीवरचा हात काढला नाही.

शालनने दोघांकडे बघितलं. "घालून बघू एकदा," ती म्हणाली. खरं सांगायचं तर तिला भूपालचा चेहरा बघायचा होता, आणखी काही नाही.

सांगाड्यावरून सोलून काढलेली बाही भूपालच्या लुळ्या हातावर अलगद चढली. बारा वर्षांत दंड सुकला होता, तरी कोपर कोपराला बसलं. पद्मजा समोर स्टूल ओढून बसली, बापाच्या गुडघ्यावर हात ठेवून. शालन खटक्यापाशी उभी राहिली.

वीज लागली आणि मांडीवर मेल्यासारखा पडलेला हात उचलला गेला. मनगट कलंडलं, थांबलं, पुन्हा कलंडलं. भूपालच्या तोंडून आवाज फुटला, रडण्याचा की हसण्याचा ते कळेना. अंगठा फिरायला लागला तेव्हा तर पद्मजाही एकाच वेळी हसायला आणि रडायला लागली. "पप्पा, तंबाखू सोडली म्हणून शपथ घेतली होती तुम्ही माझी! बघ गं आई, चोरी पकडली!" चिमूट उचलून हाताने तिच्यापुढे धरली. तिने खोटी खोटी घेतली. भूपाल आपल्या हाताकडे असा बघत होता, जणू परगावी गेलेला लेक दारात येऊन उभा राहिलाय. हाताने घास मोडला, त्याच्या स्वतःच्या तोंडाशी नेला, ओठांना बोटं लावली.

घासानंतर काय येतं ते शालनला माहीत होतं. ती पुढे आली, पद्मजाच्या खांद्याला धरून तिला स्टुलासकट मागे ओढलं आणि म्हणाली, "मागं सर."

हात खांद्यापासून मागे गेला आणि पंजा फिरला. पद्मजाचा गाल जिथे होता त्या जागेवरून तो सपकन गेला. भूपाल खुर्चीत अर्धा वळला. शालनने खटका बंद केला.

भूपालच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. त्याने आधी हाताकडे बघितलं आणि मग शालनकडे. आणि त्या एका नजरेत शालनला कळलं, की हा माणूस काहीएक विसरलेला नाही. कधीच विसरला नव्हता.

"माशी," भूपाल म्हणाला. "फौंड्रीत... माश्या लई."

"आई, तुला कसं माहीत होतं?" पद्मजाने हळूच विचारलं. ती शालनच्या डावीकडे होती. शालनने नेहमीसारखी मान वळवून उजवा कान पुढे केला. "काय म्हणालीस?"

पद्मजा आईच्या डाव्या कानाकडे बघत राहिली. मग तिने वडिलांचा पंजा पाहिला आणि आपल्याच गालाला हात लावला. पोरगी हुशार होती म्हटलं ना.

"कान ग्राइंडरनं गेला ना गं तुझा?"

"ग्राइंडर नंतर घेतला," शालन म्हणाली.

त्या दिवशी शेडमध्ये कुणी चहा केला नाही. पद्मजा दारात जाऊन पाठमोरी उभी राहिली. मग तिच्यातली डॉक्टरीण बोलली, "वीज अगदी कमी ठेवली तर? आणि समोर कुणी बसायचंच नाही."

"घरात त्यांच्या समोर कोण असतं?"

पद्मजा दारातून आत आली. "तू ठरव आई," ती म्हणाली. "मी काही म्हणणार नाही."

भूपालने बाही काढू दिली नव्हती. डाव्या हाताने ती घट्ट धरून बसला होता. "राहू दे शालन. एवढा हात राहू दे माझा."

शालन खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. वाइंडिंगच्या कामात मोटरची कॉइल वार्निशमध्ये बुडवून भाजायला एक ओव्हन लागतो, तो तिच्या शेडमध्ये होताच. त्याचं बटण तिने दाबलं. लाल दिवा लागला.

"हा तापायला वेळ लागतो," ती म्हणाली. आवाज चढा नव्हता, रोजच्यासारखाच होता. "तोवर सांगा. खरं काय ते एकदा सांगितलंत, तर बाही तुमची. मी स्वतः रोज घालीन तुम्हाला, रोज बटण दाबीन. समोर उभी राहायची माझी तयारी आहे. नुसतं सांगा. माशी होती?"

भूपालच्या ओठांची हालचाल झाली. काय कठीण होतं हो? एक शब्द. त्याच्या बदल्यात आख्खा हात. पण लेक समोर उभी होती, आणि बारा वर्षं लोकांच्या माना डोलताना बघितलेल्या होत्या.

"माशीच," तो म्हणाला आणि त्याने तोंड फिरवलं.

दिवा हिरवा झाला. शालनने बाहीचे बंद सोडले. भूपालने विरोध केला नाही, डावा हात आपला आपण गळून पडला. बाही ओव्हनच्या जाळीवर पसरून तिने दार लावलं. आत धागे एकदा वळवळले आणि मग सैल झाले. कपडा जळाल्याचा किंचित वास आला. तिला वाईट वाटायला हवं होतं. नवऱ्याचा हात भाजत होती ती, काही थट्टा नव्हे. पण नाही वाटलं, आणि हीच तर पंचाईत होती तिची.

श्रावण लागला तशी शालनने ती कोरी बाही स्वतःच्या उजव्या हातात चढवली. पुरुषी मापाची होती म्हणून दंडाला आणि मनगटाला नाड्या बांधल्या. रोज सकाळी शेजारच्या बालवाडीतली पोरं रांगेने शेडमध्ये यायची आणि ती एकेकाच्या डोक्यावर हात ठेवायची, हलकाच, मग उचलायची. पोरांना खेळच झाला. काही लबाड पुन्हा रांगेत येऊन दोनदोनदा आशीर्वाद घ्यायची. फौंड्रीवाल्यांची चूक तिला ठाऊक होती, म्हणून घरीसुद्धा ती त्या हाताला जपायची. आदळआपट नाही, हिसका नाही. माशीसुद्धा मारली नाही.

त्याच हाताने भूपालला भरवायची. तो तिच्याशी बोलत नव्हता. घास समोर आला की तोंड मिटून घ्यायचा, लहान पोरासारखा. शालन घास तसाच धरून ठेवायची. हट्ट त्याचा आणि हात हिचा. शेवटी भूक जिंकायची, तोंड उघडायचं. मग ती पुढचा घास मोडायची. पद्मजा दर रविवारी यायची, आईच्या उजव्या बाजूला बसायची आणि वडिलांशी औषधापुरतं बोलायची. एरवी गप्पांचा फड जमवणारा माणूस, पण 'कधी हात उचलला न्हाई' हे वाक्य काही त्यानंतर कुणी त्याच्या तोंडून ऐकलं नाही.

बालउद्यानाचं उद्घाटन खंडेनवमीला ठेवलं होतं. त्या दिवशी साऱ्या उद्यमनगरात यंत्रं धुऊन-पुसून झेंडूच्या माळा घालतात, कुठलं यंत्र चालवत नाहीत. हत्तीच्या पिल्लालाही माळ होती. बॉयलरचं पोट राखाडी रंगवलेलं, प्रेशर मीटरच्या काचांचे डोळे, पायांत बेअरिंगच्या कड्यांचे पैंजण. शेपटीला निसारभाईंनी हौसेने आपल्या टेम्पोचा काळा गोंडा बांधला होता. अध्यक्षांचं भाषण चालू असतानाच पोरांनी रांग मोडली आणि हत्तीला गराडा घातला, ते बरंच झालं.

समोर पोर आलं की हत्तीच्या डोळ्यामागचा कॅमेरा खुणावायचा आणि सोंड खाली येऊन डोक्यावर टेकायची. हलकीच, मग उचलायची. पोरं किंचाळत होती, आया फोटो काढत होत्या. शालन हत्तीच्या बाजूला उभी होती. तिच्या डाव्या हाताला बाकावर भूपाल बसला होता, पद्मजाने आणून बसवलेला.

मध्येच खाऊ वाटायला सुरुवात झाली. पोरं तिकडे पळाली आणि हत्तीसमोर कुणी उरलं नाही. कॅमेरा गप्प झाला, पण वीज चालूच होती. मग हत्ती आपल्या मनाने सुरू झाला. सोंडेने हवेतला घास मोडला, पुढे धरला आणि ती थांबली. थांबूनच राहिली, एखाद्याने रुसवा सोडून तोंड उघडेपर्यंत.

बाकावर भूपालचे ओठ विलगले. ते त्याचं त्यालाच कळलं आणि त्याने खाली बघितलं.

घास देऊन झाल्यावर सोंड वर उचलली गेली. ती डावीकडे वळली, हत्तीच्या डाव्या कानावर जाऊन टेकली आणि तो कान झाकून तशीच राहिली. मग थोडं चोळलं. पुन्हा झाकून राहिली.

शालनच्या कपाळाला आठी पडली. "हे कुणी शिकवलं ह्याला?" ती पद्मजाला म्हणाली. "मी तर असलं काही केलं नाही."

पद्मजाने आईच्या उजव्या हाताकडे बोट केलं. शालनने बघितलं. तिचा उजवा हात तिच्या डाव्या कानावर होता. आत्ता, या घटकेला, झाकून धरलेला.

"रोज असतो?" तिने विचारलं.

"मला वाटायचं, तुला माहीत आहे," पद्मजा म्हणाली.

खाऊ घेऊन परतलेल्या एका पोरीचं हत्तीकडे लक्ष गेलं. तिने शालनचा पदर ओढला. "आजी, हत्तीचा कान दुखतोय का?"

शालनने तोंड उघडलं. ग्राइंडर हा शब्द जिभेवर तयारच होता. इतकी वर्षं तो आपोआप यायचा. पण हत्तीला कुठला आलाय ग्राइंडर?

"त्याला कुणीतरी मारलंय," ती म्हणाली.

"कुणी?"

शालनच्या डाव्या बाजूला कुणीतरी काहीतरी बोललं. तिला फक्त शिट्टी ऐकू आली. पोरगी मात्र बाकाकडे बघत होती. पद्मजाही बघत होती. शालनने मान वळवून उजवा कान पुढे केला.

"काय म्हणालात?"

भूपाल डाव्या हाताने बाकाला धरून उभा राहिला होता. "मी," तो ओरडला. जड जिभेने, पण असा ओरडला, की भाषण थांबलं आणि खाऊ वाटणारे हात थांबले. निसारभाईंनी वळून बघितलं. "मी मारलं. माशी नव्हती."

"कशाला मारलं?" पोरीने विचारलं. तिला हत्तीची काळजी होती.

"ती खरं बोलली म्हणून," भूपाल म्हणाला.

शालनच्या डाव्या कानात कळ आली. पाळीपासून सुरू झाली, गालात उतरली, जबड्यात गेली. इंजेक्शनचा अंमल उतरल्यावर येते तशी, सणसणून. "आई गं," ती कळवळली आणि हत्तीच्या पायाशी, त्या बेअरिंगच्या पैंजणांजवळ, मटकन खाली बसली. पद्मजा धावली. पोरीने हातातला खाऊ तिच्यापुढे धरला. शालनने कान दोन्ही हातांनी झाकून घेतला आणि ती मोठ्याने रडायला लागली, लोक बघत होते तरी. दुखत होतं. बारा वर्षांनी एकदाचं दुखत होतं.